आधी पळवून बघा, मग किताब द्या

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत पुण्यातल्या एका श्वानप्रदर्शनात मी रिंगच्या दोरीला लागून उभा होतो. देशी शिकारी कुत्र्यांचा गट सुरू होता. लातूरकडच्या एका शेतकऱ्याने आपली कारवानी कुत्री उतरवली होती. वाळूसारखा फिकट रंग, लांब निमुळतं तोंड, खोल छाती आणि आत ओढलेलं पोट. परीक्षकांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून हात फिरवला, मांडीचे स्नायू चाचपले. मग तिला एकदा सरळ जाऊन यायला लावलं आणि एकदा त्रिकोणात फिरवलं. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं लागली. कुत्री दुसरी आली. रिबन हातात घेऊन बाहेर पडताना त्या गृहस्थांनी दारावरच्या स्वयंसेवकाला विचारलं, "पळवून बघत न्हाईत का?"

"इथे तसं नसतं, काका," पोरगा म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारायला वळला.

इथे तसं का नसतं, हे मी त्या दिवसापासून शोधतो आहे. जी उत्तरं मिळाली त्यांतलं एकही मला पटलेलं नाही. चॅम्पियन हा शब्द आपण एरवी ज्या अर्थाने वापरतो, त्यात काहीतरी करून दाखवणं गृहीत असतं. महाराष्ट्र केसरीची गदा पैलवानाला मिळते ती समोरच्याला आसमान दाखवून. दंडाचा घेर आणि छातीची ठेवण बघून कोणी गदा देत नाही. कुत्र्यांच्या जगात मात्र 'चॅम्पियन' हे बिरुद जवळजवळ सगळीकडे ठेवण बघूनच दिलं जातं. कुत्र्याला धाप लागते का, तो नीट पळू शकतो का, त्याच्या जातीचं म्हणून जे काम आहे ते त्याला येतं का, यातलं काहीही न विचारता हा किताब मिळू शकतो. हे बदललं पाहिजे. आपल्या देशी जाती आत्ता कुठे या रिंगणात उतरू लागल्या आहेत, त्यामुळे बदल आत्ताच झाला पाहिजे.

किताब मिळतो कसा, ते आधी बघू. ब्रिटनची पद्धत सगळ्यात जुनी आणि समजायला सोपी आहे. तिथे ठरावीक मोठ्या प्रदर्शनांत प्रत्येक जातीच्या सर्वोत्तम नराला एक आणि सर्वोत्तम मादीला एक चॅलेंज सर्टिफिकेट मिळतं. तिथली श्वानमंडळी त्याला 'तिकीट' म्हणतात. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून अशी तीन तिकिटं मिळाली आणि त्यातलं निदान एक कुत्र्याचं वय वर्षाच्या पुढे गेल्यावर मिळालेलं असलं, की कुत्रा चॅम्पियन. तिकीट देताना परीक्षक सहीनिशी लिहून देतो, की हा कुत्रा चॅम्पियन म्हणवून घेण्याच्या लायकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढी लायकी दिसली नाही तर पहिला नंबर देऊनही तिकीट रोखून धरायचा त्याला अधिकार असतो.

अमेरिकेत हिशेब गुणांचा आहे. एकूण १५ गुण लागतात. एका प्रदर्शनात जास्तीत जास्त ५ गुण मिळतात, आणि किती मिळणार हे त्या दिवशी तुमच्या कुत्र्याने त्याच्या जातीतली किती कुत्री मागे टाकली यावर ठरतं. तीन किंवा त्याहून जास्त गुणांच्या विजयाला 'मेजर' म्हणतात. असे निदान दोन मेजर दोन वेगळ्या परीक्षकांकडून हवेत, आणि उरलेल्यांतला किमान एक गुण तिसऱ्या परीक्षकाकडून. युरोपातल्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचा किताब आणखी फिरायला लावतो. तीन वेगवेगळ्या देशांत, तीन वेगळ्या परीक्षकांकडून चार प्रमाणपत्रं, आणि पहिल्या-शेवटच्या प्रमाणपत्रांत किमान एक वर्ष आणि एक दिवसाचं अंतर. आपल्याकडे चेन्नईत मुख्यालय असलेली केनेल क्लब ऑफ इंडिया किताब देते. तिची घडण ब्रिटिश, आणि तिथेही चॅलेंज सर्टिफिकेट साठवतच किताबापर्यंत जावं लागतं.

हे नियम विचारपूर्वक केलेले आहेत आणि त्यामागे कारण आहे. १८५९च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जे श्वानप्रदर्शन भरलं, ते आधुनिक पद्धतीचं पहिलं प्रदर्शन मानतात. त्यात पॉइंटर आणि सेटर हे दोनच गट होते, दोन्ही शिकारी जातींचे. बक्षीस म्हणून तिथल्या एका बंदूक बनवणाऱ्याच्या बंदुका होत्या. पॉइंटर गटाच्या एका परीक्षकाचा कुत्रा सेटर गटात पहिला आला आणि सेटर गटाच्या एका परीक्षकाचा कुत्रा पॉइंटर गटात. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं असणारच. पुढे १८७३ साली ब्रिटनचा केनेल क्लब स्थापन झाला. वंशावळीची नोंद, प्रदर्शनांचे नियम, वेगवेगळे परीक्षक, ही सगळी शिस्त लागली ती अशा घोळांतूनच. एका माणसाच्या मर्जीवर किताब मिळू नये, याची काळजी आज सगळ्या पद्धती घेतात.

पण तीन परीक्षक असोत की तीस, सगळे एकाच गोष्टीकडे बघत असतील तर त्या गोष्टीबाहेरचं सगळं सुटून जातं. परीक्षकाच्या डोक्यात जातीचं लिखित वर्णन असतं, इंग्रजीत ज्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात. उंची इतकी, डोक्याची ठेवण अशी, कान असे, शेपूट अशी, चाल अशी. समोरचा कुत्रा त्या वर्णनाला किती जवळचा, ते तो नजरेने आणि हाताने ठरवतो. वेळ दोन-तीन मिनिटांचा. एवढ्या वेळात रचना कळते आणि चाल थोडीफार कळते. फुप्फुसात काय चाललंय, खुब्याच्या सांध्यात काय झिजतंय, या कुत्रीला बाळंतपण जमेल का, हे कळत नाही. परीक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तेवढंच विचारलेलं असतं.

हा किताब पैदाशीसाठी असतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेच्या या स्पर्धेत नसबंदी झालेला कुत्रा उतरूच शकत नाही, कारण पुढच्या पिढीसाठी आईबाप निवडणं हाच तिचा हेतू सांगितलेला आहे. चॅम्पियन नराला मागणी येते, त्याची फी वाढते, आणि एकाच नराची पिल्लं शेकड्याने जन्माला येतात. पिल्लांच्या जाहिरातींत 'चॅम्पियन लाइन' हे शब्द पहिल्या ओळीत असतात. म्हणजे रिंगमध्ये दोन मिनिटांत जे बघितलं, ते जातीच्या रक्तात वर्षानुवर्षं उतरत जातं. जे बघितलं नाही, तेही उतरतंच.

बुलडॉगचं उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ कायद्याने बंद झाला. तो क्रूर खेळ बंद झाला हे चांगलंच झालं. पण त्यानंतर बुलडॉगला काम उरलं नाही, उरलं ते फक्त रूप. मोठं डोकं, आत दाबलेलं नाक, रुंद खांदे आणि अरुंद कंबर, असं एकेक लक्षण बक्षिसांबरोबर ताणत गेलं. २०१० साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरिअर या तीन जातींची ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं पोट फाडून करावी लागत असल्याचं दिसलं. पिल्लाचं डोकं आईच्या कमरेतून बाहेर पडू शकत नाही. ज्या जातीला जन्म घ्यायला सर्जन लागतो, त्या जातीत कोणाला 'सर्वोत्तम' म्हणायचं आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

२००८च्या ऑगस्टमध्ये बीबीसीने शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला आणि खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनाचं प्रक्षेपण थांबवलं. केनेल क्लबला सगळ्या जातींची लिखित वर्णनं पुन्हा तपासावी लागली. मग २०१२च्या क्रफ्ट्समध्ये एक नवी गोष्ट झाली. ज्या १५ जातींबद्दल जास्त काळजी होती, त्यांच्यातल्या 'जातीत सर्वोत्तम' ठरलेल्या कुत्र्यांना पुढच्या फेरीत जाण्याआधी पशुवैद्याची साधी तपासणी लावली. सहा जातींचे विजेते त्यात नापास झाले: पेकिनीज, बुलडॉग, मॅस्टिफ, निओपॉलिटन मॅस्टिफ, क्लम्बर स्पॅनियल आणि बॅसेट हाउंड. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, डॉक्टरांनी फक्त बाहेरून बघितलं होतं. मालकांचा संताप झाला, अपमान झाल्याची भावना झाली, ते मी समजू शकतो. पण त्या सकाळी परीक्षकाने ज्याला सर्वोत्तम म्हटलं, त्यालाच काही तासांत डॉक्टरने 'याला त्रास आहे' म्हटलं, आणि दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं. दोष किताबाच्या व्याख्येत होता.

मला हे सगळं दूरचं वाटत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक पग होता. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे साधारण वीस वर्षांपूर्वी ही जात आपल्या घराघरांत शिरली, त्या लाटेनंतर आलेला. त्याच्या वडिलांच्या किताबाचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी साडेसहाला त्याला खाली आणलं, की त्याच्या श्वासाचा आवाज जिन्यावरून आधी यायचा, ओल्या कापडातून हवा ओढल्यासारखा. गेटपर्यंत चालला की बसायचा. जीभ निळसर पडायची. वहिनी पाण्यात भिजवलेला पंचा त्याच्या पोटाखाली घालून त्याच्याजवळ फुटपाथवर बसून राहायच्या, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. पाचव्या वर्षी त्याच्या टाळूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो जरा बरा होता. त्या घरातल्या माणसांनी त्याला जितकं जपलं तितकं कमी लोक जपतात. पण त्याला जो त्रास होता तो घरात झालेला नव्हता, तो त्या चौकटीतल्या कागदाच्याही आधीपासून चालत आलेला होता, आणि त्या कागदावर श्वासाबद्दल एक अक्षरही नव्हतं.

आता कोणी म्हणेल, की श्वास काय किंवा काम काय, हे प्रदर्शनात मोजणं व्यवहार्य नाही. हे खरं नाही. मोजतात, आणि कित्येक वर्षांपासून मोजतात.

केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब यांनी २०१९ साली चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी श्वासाची एक चाचणी सुरू केली. डॉक्टर स्टेथोस्कोपने श्वास ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, आणि पुन्हा ऐकतात. शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. तीन श्रेणीच्या कुत्र्यापासून पैदास करू नका, असा सल्ला असतो. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित डॉक्टर, एक मोकळी पट्टी आणि तीन मिनिटं. लातूरच्या काकांनी विचारलं होतं ते हेच.

कामाचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९५८ पासून बंदुकीच्या शिकारीत साथ देणाऱ्या जातींपुरता एक फरक केलेला आहे. तीन तिकिटं मिळवणारा लॅब्रॅडॉर किंवा सेटर फक्त 'शो चॅम्पियन' होतो. नुसतं 'चॅम्पियन' म्हणवून घ्यायला त्याला मैदानात काम करून दाखवावं लागतं. बॉर्डर कॉलीलाही तसंच, मेंढ्या राखता येतात का ते दाखवावं लागतं. एफसीआयच्या पद्धतीत ज्या जातींना कामाची परीक्षा लागू आहे, त्यांना ती पार केल्याशिवाय आंतरराष्ट्रीय सौंदर्य-किताब मिळत नाही. उलट ती पार केली असेल तर चाराऐवजी दोन प्रमाणपत्रं पुरतात. दोन शब्दांचा तो फरक, 'शो चॅम्पियन' आणि 'चॅम्पियन', मला फार प्रामाणिक वाटतो. पहिला शब्द सांगतो की हे रूपाचं बक्षीस आहे. घेणाऱ्याला ते कळतं.

परीक्षा लावली की सगळं सुरळीत होतं, असा माझा भ्रम नाही. जर्मन शेफर्डचंच बघा, आपण ज्याला अजूनही अल्सेशियन म्हणतो. १८९९ साली जर्मनीत या जातीची संघटना स्थापन करणारे माक्स फॉन श्टेफानित्स यांचा सगळा भर कामावर होता. त्या संघटनेत आजही प्रौढ कुत्र्याला मोठ्या प्रदर्शनात उतरण्याआधी कामाची परीक्षा आणि पैदाशीआधी खुब्याचा एक्स-रे लागतो. तरीही प्रदर्शनाच्या वंशात पाठीची उतरंड वाढत गेली, मागचे पाय जमिनीकडे वाकत गेले. २०१६च्या क्रफ्ट्समध्ये अशाच एका कुत्रीच्या चालीवरून केवढा गदारोळ झाला होता. परीक्षा नावापुरती उरली आणि रूपाची हाव तशीच राहिली, तर हे होतं. आज आपल्या सुरक्षा दलांमध्ये बेल्जियन मॅलिनॉ दिसू लागला आहे, आणि तिथे निवड होते ती वासावर, दमावर, निडरपणावर. चॅम्पियन बापाची चौकशी तिथे उपयोगाची नसते.

आणखी एक गोष्ट मला या चर्चेत महत्त्वाची वाटते, ती डाल्मेशियनची. शुद्ध वंशावळीच्या सगळ्या डाल्मेशियनांत एक जनुकीय दोष पक्का बसला होता. लघवीत युरिक आम्ल जास्त, म्हणून मूतखडे. कितीही चांगले आईबाप निवडले तरी दोष जाणार नव्हता, कारण निर्दोष जनुक त्या जातीत उरलंच नव्हतं. १९७३ साली रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञांनी डाल्मेशियनचा पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्या ती पिल्लं पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवली. ठिपके तेच, बांधा तोच, फक्त खडे नाहीत. तरीही त्या वंशाला अमेरिकेच्या नोंदवहीत कायमची जागा मिळायला २०११ साल उजाडलं. त्याच वर्षी त्या वंशातली एक कुत्री क्रफ्ट्समध्ये उतरली, तेव्हा 'हा डाल्मेशियन नव्हेच' असं म्हणणारे लोक होतेच. रक्ताच्या शुद्धतेचा आग्रह किती ताणायचा, कोणत्या जिवाच्या किमतीवर ताणायचा, हे त्या अडतीस वर्षांत दिसतं. आपल्या समाजाला तरी हा आग्रह नवा नाही, म्हणून त्याची किंमत आपल्याला लवकर कळायला हवी.

आता आपल्या दाराशी येऊ. कारवानी ही दख्खनच्या माळरानाची जात. मराठवाड्यातली गावं, सोलापूर, विजापूर, बागलकोट हा तिचा मुलूख. आखूड केसांची ती कारवानी आणि कानाशेपटीला झुपके असलेली ती पश्मी, असं आपल्याकडे म्हणतात. तीच जात मुधोळ हाउंड म्हणूनही ओळखली जाते, कारण मुधोळच्या घोरपडे राजांनी तिला आश्रय दिला आणि ब्रिटिश राजघराण्यापर्यंत पोचवलं. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया तिला कॅराव्हॅन हाउंड म्हणते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. एका कुत्र्याची दोन दप्तरी नावं. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. सैन्याने मेरठच्या केंद्रात त्यांना प्रशिक्षण देऊन बघितलं. २०२०च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ, राजपालयम, कन्नी, चिप्पीपराई, कोंबई ही नावं घेतली आणि शहरातल्या लोकांनी ती पहिल्यांदाच ऐकली. कर्नालच्या राष्ट्रीय पशुजनुकीय संसाधन संस्थेच्या नोंदीत राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांना जागा मिळाली. हे सगळं आनंदाचं आहे. मला मनापासून आनंद झाला होता.

पण याच कुत्र्यांचं काम आपण काढून घेतलेलं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. कारवानीचं काम म्हणजे माळावर ससा उठवून त्याला गाठणं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहायला हवी. ससा आणि काळवीट यांच्या जिवावर मला कुत्र्याची परीक्षा नको. याचा अर्थ असा, की आज या जाती तिथे उभ्या आहेत जिथे १८३५ नंतर बुलडॉग उभा होता. काम गेलं, रूप उरलं, आणि रूपाला बक्षीस सुरू झालं. उंच कुत्रा रिंगमध्ये उठून दिसतो. मग उंचीसाठी ग्रेहाउंडचं रक्त गुपचूप मिसळलं जातं, अशी तक्रार जुने पाळणारे करतात. डोकं आणखी निमुळतं हवं, कंबर आणखी बारीक हवी, रंग अमुकच हवा, हे सुरू व्हायला वेळ लागत नाही. राखण करणाऱ्या, ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर वाढलेल्या, उन्हात तासन् तास टिकणाऱ्या कुत्र्याचं सोफ्यावरचं शोभेचं जनावर व्हायला दहा-पंधरा पिढ्या पुरतात, आणि कुत्र्याच्या दहा-पंधरा पिढ्या म्हणजे आपल्या एका माणसाचं नोकरीचं आयुष्य.

प्रदर्शनंच बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्यांनी आयुष्यभर प्रदर्शनं भरवली त्यांच्याशी बोललं की त्यांचं म्हणणं कळतं. वंशावळीची नोंद त्यांनी ठेवली. आपल्या देशी जातींची अशी वही शंभर वर्षांपूर्वी कोणी ठेवली असती, तर कितीतरी जाती आज नुसत्या आठवणीत उरल्या नसत्या. शिवाय ते म्हणतात, की पिल्लांचा घाऊक धंदा करणारे लोक प्रदर्शनात येतच नाहीत. हेही खरं आहे. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, तरी पिंजऱ्यांतले धंदे चालूच आहेत. पण ते धंदेवाले विकतात ते रूप कोणी घडवलेलं असतं? गिऱ्हाइक फोटो दाखवून 'असंच हवं' म्हणतं, तो फोटो चॅम्पियनचा असतो. नमुना रिंगमध्ये ठरतो आणि त्याच्या नकला बाजारात होतात, त्यामुळे नमुन्याची जबाबदारी रिंगवाल्यांचीच राहते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान मालकाला तपासण्या परवडणार नाहीत, स्पर्धा श्रीमंतांची होईल. हा आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो, कारण लातूरहून कुत्री घेऊन येणारा माणूस यातूनच बाहेर फेकला जाऊ शकतो. पण आजची पद्धत काय वेगळं करते? गावोगावची प्रदर्शनं, प्रवेश फी, प्रवास, रिंगमध्ये कुत्रा फिरवणारा पट्टीचा हँडलर, केसांची निगा, यांवर किताब मिळेपर्यंत जो पैसा जातो, त्याच्या पुढे तीन मिनिटांच्या चाचणीचा खर्च काहीच नाही. ती चाचणी प्रदर्शनाच्या मंडपातच, आयोजकांच्या खर्चाने होऊ शकते. आपल्याकडे परळ, उदगीर, परभणी, नागपूर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांचे विद्यार्थी आणि प्राध्यापक यात उतरले तर त्यांनाही देशी जातींची अशी माहिती हाती येईल, जी आज कुठेच जमा झालेली नाही.

आणि जागाही आपल्याकडे आधीपासून आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा तो बाजार महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे, आणि यात्रेत अश्व, श्वान आणि कुक्कुट यांची प्रदर्शनंही भरतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. त्याच्या भक्ताला आपण वाघ्या म्हणतो आणि तो देवापुढे कुत्र्याची भूमिका करतो. ज्या दैवताच्या पायाशी कुत्र्याला जागा आहे, त्याच्या यात्रेत कुत्र्याची खरी परीक्षा सुरू करावी, याहून योग्य जागा मला सुचत नाही. पहाटे, ऊन चढायच्या आत, नांगरट नसलेल्या मोकळ्या माळावर दोरीला पांढरी पिशवी बांधून ती मोटारीने ओढायची. तिकडे परदेशात याला लूअर कोर्सिंग म्हणतात आणि शिकारी जातींना त्यातही किताब मिळतात. ससा नाही, रक्त नाही. पैजा लावायला सक्त मनाई, आणि एका कुत्र्याला एका दिवसात ठरावीक धावांपेक्षा जास्त नाही, कारण शर्यतींचं काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. धाव संपल्यावर डॉक्टरने छाती ऐकायची, दहा मिनिटांनी पुन्हा ऐकायची, पंजे बघायचे. त्यानंतर परीक्षकांनी दात, पाठ, चाल, सगळं हवं तेवढं बघावं.

केनेल क्लब ऑफ इंडियाकडे माझं मागणं याहून मोठं नाही. किताबाच्या प्रमाणपत्रावर आणखी दोन रकाने वाढवावेत, एक आरोग्याचा आणि एक कामाचा. ज्यांचे ते रकाने रिकामे आहेत त्यांना 'शो चॅम्पियन' म्हणावं, भरलेले आहेत त्यांना 'चॅम्पियन'. सुरुवात देशी जातींपासून करावी, कारण तिथे अजून बिघडलेलं फारसं काही नाही. चपट्या नाकाच्या विदेशी जातींना श्वासाची चाचणी तर उद्यापासून लावता येईल.

त्या दिवशी पुण्यात मी त्या काकांचा नंबर घेतला होता. गेल्या पावसाळ्यात सहज फोन केला. कुत्री व्याली होती. पाच पिल्लं, गोठ्यात, रात्रीतून, कोणी मदतीला नव्हतं. सकाळी धारा काढायला गेले तेव्हा कळलं. नर कुठला घेतला, विचारलं. शेजारच्या गावचा, म्हणाले, आणि वही काढून वाचून दाखवली. वंशाची नोंद ते शाळेच्या वहीत ठेवतात. नराच्या नावापुढे त्याच्या आईचं नाव, तिच्या मालकाचं गाव, मग लिहिलं होतं: अकरा वर्षं जगली, नऊ वर्षं पळत होती, पायाची तक्रार नाही, राखणीला चांगली. रंगाचा रकाना होता का, विचारलं. "रंग लिहून काय करायचा," ते म्हणाले, "तो दिसतोच की."